गोठ्यातला क्षय आणि ‘बोविस’ नावाचा घोळ

१८८२ मध्ये ज्या जर्मन शास्त्रज्ञाने क्षयाचा जंतू शोधला, त्यानेच १९०१ साली लंडनच्या परिषदेत सांगितलं की गाईगुरांचा क्षय माणसाला क्वचितच होतो, त्यासाठी वेगळे उपाय करायची गरज नाही. त्याच्या शब्दाला वजन होतं. ब्रिटनने लगेच आयोग नेमला, पण त्याचा अंतिम अहवाल यायला १९११ उजाडलं. निष्कर्ष उलटा निघाला: दुधातून जंतू माणसात येतो, आणि मुलांना तो जास्त बाधतो. मानेच्या गाठी, पोट, हाडं, सांधे. पुढे पाश्चात्त्य देशांनी दूध पाश्चराइझ करणं आणि बाधित जनावरं हुडकून मारणं, हे दोन्ही नेटाने केलं.

आपल्याकडे दूध उतू येईपर्यंत तापवायची रीत, त्यामुळे हा प्रश्न कधी ऐरणीवर आलाच नाही. पण धारोष्ण दुधाचं कौतुकही आपलंच आहे, आणि बंद गोठ्यात खोकणाऱ्या जनावराशेजारी रोज दोन वेळा धार काढणारा माणूस दूध तापवून त्या श्वासापासून वाचत नाही.

खरा गुंता नावात आहे. जनावरांकडून माणसात आलेला क्षय म्हणजे ‘मायकोबॅक्टेरियम बोविस’ने झालेला क्षय, अशी व्याख्या जगभर रूढ झाली. ‘बोविस’ म्हणजे लॅटिनमध्ये गाईबैलाचा. ही व्याख्या युरोप-अमेरिकेच्या गोठ्यांवर बेतलेली होती. आपण ती जशीच्या तशी उचलली. मग इथल्या रुग्णांत बोविस शोधायचा, तो जेमतेम सापडायचा, आणि जनावरांकडून येणारा क्षय भारतात नगण्य आहे असं म्हणून फाईल बंद व्हायची. माझ्या मते हा गेल्या काही दशकांतला सर्वांत महागात पडलेला गैरसमज आहे.

२०१२ साली याच कुळातल्या एका जंतूला ‘ओरिजिस’ हे वेगळं नाव मिळालं, ओरिक्स या हरणासारख्या प्राण्यावरून. नाव वाळवंटी प्राण्याचं, पण दक्षिण आशियात तो गाईम्हशींत सापडू लागला. २०२० मध्ये दक्षिण भारतातल्या एका मोठ्या रुग्णालयातल्या ९४० नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ओरिजिस ७ जणांत निघाला. बोविस निघाला तो फक्त बीसीजी या क्षयाच्या लशीतला, कारण ती बोविसच्याच दुबळ्या वाणापासून बनते. गोठ्यातला एकही नाही. आकडा लहान आहे, पण इतकी वर्षं आपण भलत्याच जंतूच्या मागे होतो, हे त्याने दाखवलं. नेहमीच्या तपासणीत हा फरक कळतही नाही. रुग्णाच्या हातात पडणाऱ्या कागदावर ‘एमटीबी डिटेक्टेड’, म्हणजे क्षयाचा जंतू सापडला, एवढंच असतं, मग जंतू शेजाऱ्याकडून आलेला असो की म्हशीकडून.

जनावरांची बाजू आणखी अवघड. २०१८ च्या एका एकत्रित विश्लेषणाने भारतातल्या सुमारे ७.३ टक्के, म्हणजे २ कोटी १८ लाख गुरांना बाधा असावी असा अंदाज मांडला. तपासणी जुनीच आहे. मानेवरचे केस भादरायचे, कातडीची घडी कॅलिपरने मोजायची, ट्युबरक्युलिन (क्षयाच्या जंतूपासून काढलेला अर्क) टोचायचं आणि ७२ तासांनी त्याच जागी पुन्हा मोजायचं. सूज आली म्हणजे बाधा आहे. मग पुढे काय? महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६ च्या कायद्याने आली, २०१५ पासून बैल आणि वळूही तिच्यात आले. त्यामुळे बाधित गाय कळपातच राहते, नाहीतर विकली जाते आणि जंतू दुसऱ्या गावच्या गोठ्यात पोहोचतो. पोटच्या पोरासारखी वाढवलेली दुभती गाय शेतकऱ्याने भरपाईविना वेगळी बांधावी, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

म्हणून आता वासरांना बीसीजी देण्याच्या प्रयोगांकडे लक्ष आहे. ही लस मुळात गाईच्याच जंतूपासून, १३ वर्षांत २३० वेळा त्याची वाढ करून दुबळा केलेल्या वाणातून बनली. १९२१ मध्ये पॅरिसमध्ये ती पहिल्यांदा एका बाळाला दिली गेली. अडचण एकच: लस घेतलेलं वासरू ट्युबरक्युलिनच्या चाचणीत बाधित असल्यासारखंच दिसू शकतं. लशीची सूज आणि रोगाची सूज वेगळी ओळखणाऱ्या नव्या चाचण्यांवर सध्या काम चालू आहे.