बिनचूक करून दाखवणारा आणि सावरत शिकणारा

कच्च्या मुलाला गणित शिकवताना नमुना म्हणून दुसरं मूल दाखवता येतं. ते दोन प्रकारचं असतं: पारंगत किंवा सावरत शिकणारं. समजा, गणित आहे 503 − 267. तिसरी-चौथीच्या वर्गात हे गणित पारंगत मूल न अडखळता सोडवतं आणि 236 लिहून मोकळं होतं. सावरत शिकणारं मूल आधी हमखास होणारी चूक करतं: प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान वजा करून 364. मग ताळा करतं, 364 + 267 = 631. जमत नाही. आता ते मोठ्याने बोलतं: ‘तीनातून सात जात नाहीत, दशकाच्या घरात शून्य आहे, म्हणून आधी शतक सुटं करायचं.’ 4 शतक, 9 दशक, 13 एकक. उत्तर 236.

दुसऱ्या प्रकाराला पुष्कळ जण ‘चुका दाखवणं’ समजतात, तिथेच फसतात. दोघंही पोचतात त्याच उत्तराला. चूक कशावरून कळली आणि का झाली, हे बोलून दाखवलं नाही, तर कच्च्या मुलाच्या डोक्यात 364च्या रीतीलाच मुक्काम मिळतो.

शंक आणि हॅन्सन या संशोधकांच्या 1985च्या वजाबाकीच्या प्रयोगात शिक्षकापेक्षा समवयस्क मुलाला पाहून जास्त फायदा झाला. ते मूल पारंगत की सावरणारं, याने फरक पडला नाही. 1987 मध्ये अपूर्णांकांवर मात्र एकट्या पारंगत मुलापेक्षा सावरणारं मूल सरस ठरलं. गंमत म्हणजे, एकाऐवजी अनेक पारंगत मुलं दाखवली तेव्हा ही उणीव भरून निघाली. म्हणजे विषय नवा आणि आत्मविश्वास कमी असेल, तर सावरणारा नमुना निवडावा. रीत बऱ्यापैकी येत असेल, तर पारंगत नमुना वेळ वाचवतो.

हालचाल शिकताना एक अट वाढते. मॅककुला आणि केअर्ड या संशोधकांच्या 1990च्या प्रयोगात शिकाऊ माणसाला पाहणाऱ्यांपैकी एका गटाला त्याचा प्रत्येक प्रयत्न किती चुकला हेही कळत होतं. शिकलेलं टिकलं, नव्या कामात उतरलं, ते त्यांचं. कॅरमचा नेम शिकवताना नुसता फटका दाखवून भागत नाही, सोंगटी कुठे आणि किती हुकली तेही सांगावं.

रीत दुसरीकडे उतरली का, हे तशाच वजाबाक्या देऊन कळत नाही. 5 तास 10 मिनिटांतून 2 तास 45 मिनिटं वजा करायला द्या. 2 तास 65 मिनिटं असं उत्तर आलं, तर मुलाने तास सुटा करताना 60ऐवजी 100 मिनिटं घेतली. बरोबर उत्तर 2 तास 25 मिनिटं.