एंडोसोनोग्राफीचा हात दुरून कसा शिकवायचा? थोडी पार्श्वभूमी

माझ्या मामांना कावीळ झाली तेव्हा परभणीत पोटाची सोनोग्राफी झाली. पित्ताची नळी फुगलेली दिसली, पण ती खाली कशानं अडली आहे ते आतड्यातल्या गॅसमुळं कळेना. सीटी स्कॅनमध्येही स्वादुपिंडाच्या डोक्यापाशी नुसती शंकाच. डॉक्टर म्हणाले, "मामांना घेऊन हैदराबादला जा, दुर्बिणीतून सोनोग्राफी करावी लागेल." रात्रीच्या अजिंठा एक्स्प्रेसनं आम्ही निघालो. तिथं तपासणी करणाऱ्या डॉक्टरांच्या शेजारी उभा राहून शिकणारा तरुण नांदेडचा निघाला. म्हणजे मराठवाड्यातून पेशंटही तिकडं जातो आणि शिकणाराही.

एंडोसोनोग्राफी, म्हणजे तोंडातून जठरात उतरवलेल्या दुर्बिणीतून केलेली ही सोनोग्राफी, जन्मालाच आली ती गॅसच्या अडचणीतून. 1980 साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये युजीन डिमॅग्नो आणि सहकाऱ्यांनी दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफीचा प्रोब (चित्र टिपणारा भाग) बसवून कुत्र्यांवर प्रयोग केले. त्याच सुमारास जर्मनी आणि जपानमध्येही असेच प्रयत्न चालू होते. पोटावरून बघताना गॅस आडवा येतो, पण स्वादुपिंड जठराच्या पाठीलाच चिकटून असतं. मग जठरातूनच बघायचं. आधी रूढ झालेल्या दुर्बिणी नळीभोवतीचं गोल चित्र दाखवत. पुढं दुर्बिणीच्या लांबीच्या दिशेनं बघणारा प्रोब आला आणि सुई डोळ्यांसमोर ठेवून टोचता आणि तपासायला पेशींचा नमुना घेता येऊ लागला. डेन्मार्कच्या पीटर व्हिलमन यांनी 1992 मध्ये स्वादुपिंडातून असा नमुना घेतल्याचं प्रसिद्ध केलं. नंतर याच वाटेनं स्वादुपिंडाभोवती साठलेलं पाणी जठरात काढणं, तुंबलेल्या पित्ताला वाट करून देणं असे उपचारही होऊ लागले.

अवघड आहे ते हे शिकवणं. दुर्बिणीची मूठ डाव्या हातात आणि अंगठा मोठ्या चाकावर. अंगठा दाबला की प्रोब भिंतीला टेकतो. जरा सैल पडला की मध्ये हवा शिरते आणि चित्र जातं. उजव्या हातात तोंडाजवळची नळी, ती मनगटानं फिरवायची. आधी महाधमनीचा लांब काळा पट्टा शोधायचा, तो धरून तिची पोटातली पहिली मोठी फांदी, मग प्लीहेची शीर आणि तिच्या कडेनं स्वादुपिंड. मनगट थोडं जास्त वळलं की सगळं हरवतं. "उजवीकडं फिरवा" एवढं ऐकून हे येत नाही, कारण किती फिरवायचं ते शब्दांत मावत नाही. म्हणून वर्षानुवर्षं पद्धत एकच होती: गुरूच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं. अमेरिकेतल्या एंडोस्कोपी संघटनेनं एके काळी देखरेखीखाली किमान 150 तपासण्यांचा आकडा सांगितला होता. पुढं शिकणाऱ्यांचा प्रत्यक्ष मागोवा घेतल्यावर तो अनेकांना अपुरा ठरला आणि प्रत्येकाचा वेग वेगळा निघाला.

दुरून शिकवण्याचा धागा मात्र वेगळीकडून आला. 7 सप्टेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कमध्ये बसून जाक मारेस्को यांनी स्ट्रासबर्गमधल्या पेशंटचं पित्ताशय रोबोटनं काढलं. 2003 मध्ये न्यू मेक्सिकोत संजीव अरोरा यांनी हेपटायटिस सी या यकृताच्या संसर्गासाठी प्रोजेक्ट इको सुरू केला, त्यात खेड्यातले डॉक्टर दर आठवड्याला पडद्यावर आपल्या केस मांडत. आपल्याकडं 2004 मध्ये इस्रोनं दुरून शिक्षण देण्यासाठी एज्युसॅट हा उपग्रह सोडला. 2020 च्या लॉकडाऊननं तर प्रवासच बंद पाडला आणि सगळे पडद्यासमोर येऊन बसले.

पडद्यावर काय शिकवता येतं? चित्र ओळखणं नक्कीच. ही कोणती शीर, ही गाठ की सूज, हे रेकॉर्डिंग थांबवून थांबवून पुन्हा दाखवता येतं, आणि माझ्या मते खांद्याशी उभं राहून शिकण्यापेक्षा हे बरं. हातासाठी मात्र दुर्बिणीचं आणि सोनोग्राफीचं अशी दोन चित्रं पुरत नाहीत. तिसरा कॅमेरा शिकणाऱ्याच्या हातांवर लागतो. अंगठा कुठं आहे, मनगट कुठं वळलं, हे गुरूला दिसलं तरच तो नेमकी चूक पकडतो. सुरुवातीला पेशंटही लागत नाही: अगर-अगरच्या (चायना ग्रासच्या) घट्ट खळीत द्राक्षं पुरली की प्रोबला ती गाठींसारखी दिसतात आणि त्यांच्यावर सुईचा सराव होतो.

शिकायला जागा मराठवाड्यात आहेतच: छत्रपती संभाजीनगरचं सरकारी मेडिकल कॉलेज 1956 चं, नांदेडचं 1988 चं, आणि अंबाजोगाईचं तर ग्रामीण म्हणूनच काढलेलं. खळ, द्राक्षं, कॅमेरा आणि इंटरनेट यांतलं काहीच इथं जड नाही. जड आहे ते यंत्र. आणि जिवंत पेशंटमध्ये पहिली सुई टाकताना गुरू शेजारीच हवा. तेवढ्यासाठी नांदेडच्या त्या तरुणाला अजूनही गाडी धरावी लागेल, पण काही आठवड्यांसाठी, वर्षांसाठी नव्हे.