खंगलेल्या आईचे दूध

आईच हाडांचा सापळा झालेली असेल तर तिच्या दुधात कस कुठून उरणार, ही समजूत अनेक गरीब देशांत घट्ट रुजलेली आहे आणि तिच्यापायी अंगावरचे चांगले दूध तोडून बाळाला वरचे दूध सुरू केले जाते. गर्भारपणाविषयीची समजूत याच्या नेमकी उलट आहे: पोटातले मूल आपल्याला लागेल ते आईच्या शरीरातून ओढून घेतेच, तेव्हा तिने पोटभर खाल्ले नाही तरी त्याचे काही अडत नाही. प्रत्यक्षात शरीराचा व्यवहार दोन्ही बाबतींत वेगळा आहे.

गर्भाची वाढ वारेवर, म्हणजे आईच्या रक्तातले पोषण गर्भापर्यंत पोहोचवणाऱ्या अवयवावर, अवलंबून असते. कुपोषित आईच्या रक्तातील द्रवाचे प्रमाण गर्भारपणात वाढायला हवे तेवढे वाढत नाही, त्यामुळे वारेकडे जाणारे रक्त आणि त्याबरोबर पोषणही कमी पडते. पश्चिम आफ्रिकेतील गांबियाच्या खेड्यांत गर्भवतींना साधारण पाचव्या महिन्यापासून रोज सुमारे 1000 उष्मांकांची बिस्किटे देण्यात आली. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात बाळांचे जन्मवजन सरासरी 136 ग्रॅमने वाढले. धान्य संपत आलेल्या उपासमारीच्या मोसमात तर ही वाढ 201 ग्रॅम होती. मूल लहान राहिले की बाळंतपण सोपे होते म्हणून गर्भवतीने कमी खावे, असा सल्ला आजही कित्येक समाजांत वडीलधारी माणसे देतात. 2500 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाला जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात मृत्यूचा धोका कितीतरी अधिक असतो, हे लक्षात घेतले तर हा सल्ला जीवघेणा आहे.

बाळंतपणानंतर मात्र चित्र बदलते. त्याच गांबियात 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अंगावर पाजणाऱ्या आयांना रोज सुमारे 700 उष्मांक जादा अन्न दिले गेले. त्यांची स्वतःची वजने सुधारली, पण दुधाचे प्रमाण वाढले नाही, कारण अर्धपोटी असतानाही ते फारसे घटलेले नव्हते.

हे कसे घडते? दूध किती तयार होणार हे मुख्यतः लॅक्टोज या शर्करेवर ठरते. दूध तयार करणाऱ्या पेशीच्या आत, गॉल्जी पिंड नावाच्या पटलांच्या कप्प्यांत, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज जोडून लॅक्टोज बनते; त्यासाठी लागणाऱ्या विकराला (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला, म्हणजे एन्झाइमला) अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन हे दुधातलेच प्रथिन साहाय्य करते. लॅक्टोजला या कप्प्यांच्या पडद्यातून बाहेर पडता येत नाही, म्हणून परासरणाने, म्हणजे पाणी जिथे विरघळलेले पदार्थ जास्त तिकडे सरकते या नियमाने, पाणी आत ओढले जाते आणि शंभर मिलिलिटर दुधात सुमारे सात ग्रॅम लॅक्टोज हे प्रमाण जवळजवळ कायम राहते. जेवढे लॅक्टोज, तेवढे दूध. लॅक्टोजचा कच्चा माल म्हणजे रक्तातले ग्लुकोज, आणि मेंदूला त्याची सतत गरज असल्याने यकृत उपाशीपोटीही त्याची पातळी फार खाली जाऊ देत नाही. शिवाय उपासमारीत इन्सुलिन घटले की स्नायू आणि चरबीच्या पेशी ग्लुकोज घेणे कमी करतात, पण स्तनातील पेशी ज्या वाहक प्रथिनाद्वारे ते आत घेतात त्याला इन्सुलिनची गरजच नसते. दुधातल्या स्निग्धांशासाठी आईची साठवलेली चरबी उपयोगी पडते. कॅल्शियमची सोय तर विलक्षण आहे: स्तनाच्या ऊती स्वतःच एक संप्रेरक रक्तात सोडतात, ते आईच्या हाडांतून कॅल्शियम मोकळे करवते, आणि सहा महिन्यांत तिच्या हाडांतील खनिजांपैकी तीन ते सात टक्के खनिजे कमी होतात. पाजणे थांबल्यावर ती बहुतांशी भरून येतात.

अगदी तीव्र उपासमारीत ही व्यवस्थाही कोलमडते आणि दूध आटते. त्याआधीही प्रत्येक घटकाला असे संरक्षण नसते. लोह, जस्त, कॅल्शियम आणि फोलेट यांचे दुधातील प्रमाण आईच्या आहारामुळे फारसे बदलत नाही. पण अ जीवनसत्त्व, ब1, ब2, ब6, ब12 आणि आयोडीन यांची आईला उणीव असेल तर ती सरळ दुधात उतरते. लाओस, कंबोडिया, म्यानमार या देशांत पॉलिश केलेल्या तांदळावर गुजराण करणाऱ्या आयांच्या दुधात ब1 इतके कमी असू शकते की दोन-तीन महिन्यांचे, दिसायला गुटगुटीत बाळ बेरीबेरीने आजारी पडते. त्याचा आवाज बसतो, रडताना तोंड उघडते पण स्वर फुटत नाही, आणि काही तासांत हृदय निकामी होऊ शकते. ब1 चे इंजेक्शन वेळेत मिळाले तर तेच बाळ काही तासांत सावरते. मात्र आईलाही हे जीवनसत्त्व द्यावे लागते, नाहीतर तेच दूध पिऊन आजार उलटतो. येथेही उपाय आईला पोसण्याचा आहे, पावडरचे दूध देण्याचा नाही. अशा दुधाच्या जाहिरातींना आवर घालण्यासाठी जागतिक आरोग्य सभेने 1981 मध्ये आचारसंहिता स्वीकारली, तरी ‘अशक्त आईसाठी पर्याय’ म्हणून ते खपवले जातेच, आणि गढूळ पाण्यात कालवलेल्या त्या दुधाने मुले जुलाबाने दगावतात.

युनिसेफच्या 2023 च्या अहवालानुसार अफगाणिस्तान, येमेन, सोमालिया यांसारख्या सर्वाधिक झळ बसलेल्या बारा देशांत तीव्र कुपोषित गर्भवती व स्तनदा मातांची संख्या 2020 पासून 55 लाखांवरून 69 लाखांवर गेली. अशा मातांच्या दंडाचा घेर पट्टीने मोजतात, आणि तो ठरवलेल्या मर्यादेपेक्षा (ती ठिकाणानुसार 21 ते 23 सेंटिमीटर असते) कमी भरला तर पूरक आहार देतात. अनेक ठिकाणी बाळ सहा महिन्यांचे झाले की तो बंद होतो. पण आईच्या शरीरातून गेलेली चरबी, लोह आणि हाडांतील खनिजे तोवर भरून आलेली नसतात, आणि मधल्या काळात पुन्हा दिवस गेले तर पुढच्या गर्भाची वाढ त्या रित्या साठ्यावरच सुरू होते.