जामीन (खटल्यापूर्वीचा)

गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यक्तीला खटल्याचा निकाल लागेपर्यंत अटींवर तुरुंगाबाहेर राहू देण्याची न्यायालयीन व्यवस्था. आरोपी दोषी आहे का, हे जामीन अर्जावर ठरत नाही. सोडल्यास तो तारखेला हजर राहील का, पुरावा नष्ट करील का, साक्षीदारांवर दबाव आणील का, हे मुख्यतः पाहिले जाते. गुन्ह्याचे गांभीर्य, प्रथमदर्शनी पुरावा आणि पूर्वीचे गुन्हेही विचारात घेतात. जामीन मिळाला म्हणजे माणूस निर्दोष सुटला, असे लोक सर्रास धरतात. ते चूक आहे.

भारतात १ जुलै २०२४ पासून याबाबत भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ लागू आहे. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो. अजामीनपात्र गुन्ह्यात तो न्यायालयाच्या विवेकावर असतो. तपास अधिकाऱ्याचे म्हणणे मागवून आणि सरकारी वकिलांना ऐकून न्यायाधीश आदेश देतात. अटकेची भीती असल्यास सत्र किंवा उच्च न्यायालयाकडून अटकपूर्व जामीन मागता येतो. पोलिसांनी मुदतीत, म्हणजे गुन्ह्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत, दोषारोपपत्र दाखल केले नाही, तर जामिनाची हमी द्यायला तयार असलेल्या आरोपीला सोडावेच लागते. तिथे गुणदोषांचा प्रश्नच येत नाही.

‘जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद’ हे सूत्र न्या. कृष्ण अय्यर यांच्या १९७७ च्या बालचंद निकालापासून रूढ झाले. मात्र बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा, अमली पदार्थविरोधी कायदा आणि मनी लाँडरिंगविरोधी कायदा यांत हे गणित जवळजवळ उलटे आहे. शेवटच्या दोन कायद्यांत सरकारी पक्षाचा विरोध असल्यास, आरोपी दोषी नसल्याचे मानायला वाजवी आधार आहे आणि बाहेर आल्यावर तो गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते. साक्षीपुरावा व्हायच्या आधीच हे सारे पटवायचे! खटला अतिशय रेंगाळल्यास अशा कायद्यांखालीही जामीन देता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या नजीब निकालात म्हटले.

प्रत्यक्षात गरीब आरोपी अडतो तो आदेशानंतर. जामीनदार, म्हणजे आरोपीसाठी हमी देणारा माणूस, हवा, त्याची ऐपत दाखवणारी कागदपत्रे हवीत, आणि परप्रांतातून आलेल्या मजुराला शहरात ओळखणारे कोण? मध्य प्रदेशातल्या मोतीराम या गवंड्याकडे दंडाधिकाऱ्यांनी १०,००० रुपयांचा जामीन मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याला जामीनदार म्हणून नाकारले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मोतीरामला १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या लेखी हमीवर, सोडायला सांगितले. तरीही हा प्रश्न सुटला नाही. आदेशानंतर महिनाभरात जामीनदार देता आला नाही, तर अट शिथिल करण्याचा विचार न्यायालयाने स्वतःहून करावा, असे निर्देश २०२३ मध्ये पुन्हा द्यावे लागले.

आदेश तुरुंगापर्यंत पोहोचणे हाही एक टप्पा असतो. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाबाहेरच्या जामीन पेटीत कागद ठरलेल्या वेळेत पडला नाही, तर सुटका दुसऱ्या दिवसावर जाते. ऑक्टोबर २०२१ मध्ये एका प्रसिद्ध अभिनेत्याच्या मुलाबाबत असे घडले तेव्हा या पेटीची देशभर चर्चा झाली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये आपले आदेश इलेक्ट्रॉनिक पद्धतीने तुरुंगांकडे पाठवणारी ‘फास्टर’ ही यंत्रणा सुरू केली.