मृतांचा आकडा

पूर, भूकंप, चेंगराचेंगरी, साथ अशा आपत्तीत दगावलेल्या माणसांची त्या घटकेपर्यंत मोजली गेलेली संख्या. आकडा 'वाढतो', 'शंभरावर जातो', 'स्थिरावतो' ही भाषा या 'त्या घटकेपर्यंत'मुळेच आली. मृत्युदर हा शब्द याच अर्थाने वापरतात, ते चूक. दर म्हणजे प्रमाण.

महसुली अहवालात या रकान्याला 'जीवितहानी' म्हणतात आणि कोणी गेले नसेल तर त्यात 'निरंक' लिहितात. वर्तमानपत्रांना 'बळी' आवडतो. दोन अक्षरांत मथळा होतो. नागपुरात हिंदीच्या शेजारामुळे 'हताहत'ही ऐकू येतो. त्यात हत म्हणजे मेलेले आणि आहत म्हणजे जखमी, दोन्ही आले. 'पन्नास हताहत'वरून मेले किती ते कळत नाही, तरी पन्नास मेले असेच तो आकडा पुढे सांगितला जातो.

देह सापडला की पंचनामा होतो, पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद होते, मग नागपूरच्या 'मेडिकल' किंवा 'मेयो' या सरकारी रुग्णालयात शवविच्छेदन. देह सापडलाच नाही तर माणूस 'बेपत्ता'. एरवी त्याला मृत मानायला कायद्याने सात वर्षे लागतात. २०१३च्या उत्तराखंड प्रलयानंतर सरकारने ही अट बाजूला ठेवली होती. वारसांची मदत या नोंदीवर अडते, म्हणून घरच्यांना 'बेपत्ता' हा रकाना सर्वांत जड.

नरखेड तालुक्यातील मोवाड ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुरात बुडाले, मृत २०४. नागपुरात २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळावरील गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण गेले. इथे आकडाच नाव होऊन बसला: '११४ गोवारी' म्हटले की नागपूरकराला पुढचे सांगावे लागत नाही. त्यांना कोणी 'मृत' म्हणत नाही. सीताबर्डीच्या उड्डाणपुलाच्या नावातही 'शहीद' हाच शब्द आहे.

आकडा कोणत्या गावाचा, हाही प्रश्न असतो. कोरोनाकाळात नागपूरच्या रोजच्या अहवालात शहर, ग्रामीण आणि जिल्ह्याबाहेरील असे तीन रकाने असत, कारण उपचाराला आलेले शेजारच्या जिल्ह्यांतले आणि मध्य प्रदेशातले रुग्णही इथेच दगावत. उन्हाळ्यात तर कारणच ठरत नाही. मे महिन्यात फुटपाथवर सापडलेला अनोळखी देह 'संशयित उष्माघात' म्हणून नोंदतात, आणि कागदपत्रे तपासून समितीचा शेरा पडेपर्यंत तो उष्माघाताच्या पक्क्या आकड्यात धरला जात नाही.