६० रुपयांची खोली आणि समोरचं कुलूप

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या बोळात एक जुना वाडा आहे, त्यात मागच्या दोन खोल्यांत एक काकू राहतात, नवरा गेल्यावर शिवणकाम करून पोरं तिथंच वाढवली त्यांनी. २००० साली भाडं होतं ६० रुपये. भाडे कायद्यानं वर्षाला ४ टक्के वाढ घेता येते, म्हणजे २५ वर्षांनी किती? हिशोब करून बघा, १६० रुपये. तेवढ्यात फुटकी कौलंसुद्धा बदलून होत नाहीत, घरफाळा तर लांबच. म्हणून मालक डागडुजी करत नाही, काकू पावसाळ्यात गळतीखाली पातेली मांडतात, आणि पुढच्या दोन खोल्या कित्येक वर्षं रिकाम्या असून कुलूप काही निघत नाही. मालकाचं एकच, एकदा कूळ, म्हणजे भाडेकरू, बसलं की उठत नाही.

मला त्या कुलपाचं जास्त वाईट वाटतं.

मुळात हेतू चांगलाच होता. युद्धानंतर घरं कमी, माणसं लई, म्हणून १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं सप्टेंबर १९४० चं भाडं धरून ते गोठवलं, आणि मग ते गोठलेलंच राहिलं, इतकं की १९९७ ला सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की हे आता वाजवी राहिलेलं नाही. त्यानंतर आत्ताचा १९९९ चा कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू.

पण भाडं बांधून दिल्यानं गरिबाला घर परवडतं का, हे तपासायचं कसं? सॅन फ्रान्सिस्कोत आपोआपच एक प्रयोग घडला. तिथं १९९४ ला लोकांनी मतदान करून लहान इमारतींनाही भाडेनियंत्रण लावलं, पण फक्त १९८० च्या आधी बांधलेल्या. म्हणजे १९७९ ची इमारत कायद्यात आणि शेजारची १९८१ ची बाहेर, बाकी दोन्ही सारख्याच. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञ रिबेका डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्हीकडची माणसं वर्षानुवर्षं कुठं राहिली ते शोधलं. कायद्यातले भाडेकरू त्याच पत्त्यावर टिकायची शक्यता १० ते २० टक्के जास्त निघाली, आणि हा फायदा खरा आहे, म्हाताऱ्या माणसाला तर लईच. पण मालकांनी घरं विकली, पाडून नवी बांधली, त्या इमारतींतली भाड्याची घरं १५ टक्के कमी झाली आणि शहरभर भाडी ५.१ टक्के चढली. म्हणजे आतल्याला मिळालेल्या सवलतीचे पैसे बाहेर घर शोधत फिरणाऱ्यानं भरले!

आपल्याकडंही तेच चाललंय असं मला वाटतं. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत सुमारे १.१ कोटी घरं रिकामी होती, सगळी काय भाडे कायद्यामुळं नाहीत, पण कूळ बसायची भीती हे एक कारण नक्की. आणि नव्या माणसाला मिळतं ते अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, त्यात कुळाचं संरक्षण नाही, मुदत संपली की मालक म्हणेल तो आकडा द्या नाहीतर टेम्पो बोलवा.

काकूंना घराबाहेर काढा असं मी अजिबात म्हणत नाही. पण त्यांच्या भाड्याची मदत सरकारनं द्यावी, ती एका मालकाच्या कौलांतून का काढायची? भाड्यानं द्यायची छोटी घरं भरपूर बांधावीत, आणि करार सुरू असताना भाडं एकदम वाढवायला मात्र बंदी असावी.

गेल्या महिन्यात शिरोली एमआयडीसीत काम करणारा एक जण बोळात खोली विचारत आला. त्या बंद खोल्यांच्या खिडकीतून आत डोकावून बघितलं त्यानं, मोरी आहे, नळ आहे, बास झालं म्हणाला. भाडं किती हे नंतर विचारलं, आधी विचारलं दोन वर्षं सलग मिळेल का, पोरगी पहिलीला आहे.