पी-८: बडोद्यात सापडणाऱ्या विमानी होकायंत्रामागचा इतिहास

बडोद्यात जुनं विमानी होकायंत्र हाती लागलं की ‘बडोदा स्क्वाड्रन’चं नाव निघतंच. ब्रिटिश हवाई दलाची १२४ वी स्क्वाड्रन मे १९४१ मध्ये स्कॉटलंडच्या कॅसलटाउनला पुन्हा उभी राहिली आणि बडोदा संस्थानाच्या देणगीवरून तिला हे नाव पडलं. मुंगूस बोधचिन्ह असलेली ही तुकडी स्पिटफायर उडवायची, पण ब्रिटन आणि युरोपच्या आकाशात. त्यामुळे बडोद्याच्या शुक्रवारच्या जुन्या बाजारात मिळालेलं यंत्र तिचंच, असं केवळ नावावरून म्हणता येत नाही.

बहुतेकदा हाती येतं ते पी-८ प्रकारचं ब्रिटिश होकायंत्र. मोठ्या वाटीएवढं काळं भांडं, वर काच, काचेभोवती फिरणारी ० ते ३६० अंशांची कडी आणि कडीवर ताणलेल्या समांतर तारा. आत आकड्यांची तबकडी नाहीच, नुसता तारांचा क्रॉस. विक्रेते याला ‘जहाजाचं’ म्हणतात. ते अगदीच चूक नाही: युद्धानंतर शिलकी मालात निघालेली ही यंत्रं ब्रिटनमध्ये शिडाच्या बोटींवर सर्रास बसवली गेली.

ही घडण पहिल्या महायुद्धातल्या डोकेदुखीतून आली. साधं होकायंत्र विमानात सारखं झुलत राही. वळताना विमान कललं की पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा खाली खेचणारा भाग काट्याला बाजूला ओढी, आणि ढगात शिरलेल्या वैमानिकाला आपण कुठे वळतोय तेच उमगत नसे. इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या विमान कारखान्यात यावर काम केलं कीथ लुकास यांनी, मूळचे केंब्रिजचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ. ५ ऑक्टोबर १९१६ रोजी हवेतल्या टकरीत ते गेले. पुढच्या ‘एपिरिऑडिक’ यंत्रांत चुंबक लहान नि हलके, आणि त्यांना बारीक तारांचे पाय. अल्कोहोलमध्ये त्या तारा अडतात, म्हणून काटा मागेपुढे झोके न घेता थेट जागेवर येतो. वळणातली चूक मात्र यानेही पुरती जात नाही. म्हणून पंख समतल करून, काटा स्थिरावल्यावरच जायरो (फिरत्या चक्रावर चालणारं दिशादर्शक) त्यावरून लावायचा.

वापर असा: जायचंय ०९० ला, तर कडी फिरवून ०९० हा आकडा भांड्यावरच्या स्थिर रेघेसमोर आणायचा, खिटीने कडी घट्ट करायची, मग काटा कडीवरच्या तारांना समांतर येईपर्यंत विमान वळवायचं. लाल खूण लाल खुणेवर: ‘रेड ऑन रेड’. घाईत टोकं उलटी जुळली तर विमान नेमकं १८० अंश चुकीच्या दिशेला.

ओळख पाटीवरून पटते: मुकुट, ‘एएम’ (एअर मिनिस्ट्री, ब्रिटनचं हवाई मंत्रालय), प्रकार, आणि ६ए ने सुरू होणारा साठा क्रमांक. पी-८ चा ६ए/७२६. पण पाटी प्रकार सांगते, विमान नाही. पी-८ स्पिटफायरमध्येही होतं, हरिकेनमध्येही. ‘स्पिटफायरचं’ म्हणून दुप्पट भाव सांगणाऱ्याकडे कागद मागावा. मोठं भांडं असलेलं पी-१० बॉम्बर विमानांतलं. रशियन अक्षरांत केआय-१३ लिहिलेला छोटा काचगोल असेल, तर तो बहुधा मिग किंवा हेलिकॉप्टरमधला.

खुणांवरचा पिवळट रंग किरणोत्सारी रेडियमचा असतो. चमक गेली ती झिंक सल्फाइड निकामी झाल्यामुळे. रेडियम तसंच आहे, त्याचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं. काच उघडू नये, रंग खरवडू नये. काचेखाली बुडबुडा दिसला तर सील गळतंय. काटा तपासायचा तर लोखंडाचा तुकडा जवळ नेऊन तो थोडा वळवावा आणि तुकडा लांब न्यावा. तीनचारदा केल्यावर काटा दरवेळी वेगळ्या जागी थांबला, तर काटा ज्यावर फिरतो ते आतलं टोक झिजलंय.